वेलींचं रान आणि भाऊजींचा जेसीबी

"ताई, नमस्कार. मुळशी तालुक्यात आमची दीड एकर जागा आहे. सासऱ्यांनी घेतली तेव्हापासून तिथे ऐन, हिरडा, जांभूळ, आंबा अशी मोठी झाडं आहेत. आम्ही सहकारनगरला राहतो. कोरोनानंतर सासरे थकले, जाणं-येणं कमी झालं आणि आता तिथे झाडांपेक्षा वेलीच जास्त दिसतात. फाटकाजवळची गुलाबी फुलांची वेल शेडच्या पत्र्यावर चढली आहे. बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलंय. गेल्या जानेवारीत मुलगा आत शिरला आणि मानेला, हातापायांना अशी खाज सुटली की रात्रभर झोपला नाही. भाऊजी म्हणतात, पावसाच्या आत जेसीबी लावू, दोन दिवसांत सगळं स्वच्छ. शेजारचे फार्महाऊसवाले म्हणतात, एवढा खर्च कशाला, तणनाशक मारा. जागेवर लक्ष ठेवणारे गावातले मामा काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. गुळवेल औषधी असते म्हणे, तीही काढायची का? आणि या सगळ्याला परवानगी लागते का? सोबत फोटो पाठवते आहे."
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

नमस्कार.

आधी भाऊजींना फोन करून जेसीबी रद्द करायला सांगा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

जेसीबीने वेल निघत नाही, वेलीखालची जमीन निघते. वर दिसणारा पसारा तासाभरात गोळा होतो हे खरं, पण ज्या वेलींचा तुम्हाला त्रास आहे त्यांतल्या काहींचे कंद खाली असतात. बकेटने त्या कंदांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. मोठ्या झाडांच्या वरवर पसरलेल्या मुळ्या तुटतात, माती दबते. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी ऐनाचा शेंडा वाळायला लागतो आणि तेव्हा कुणाला जेसीबी आठवत नाही. मुळशीच्या उतारावर झाडांखाली कारवी असेल, तर तीही जाते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारं हे झुडूप कुणाच्या तरी दोन दिवसांच्या स्वच्छतेपायी जावं, हे मला तरी पटत नाही.

आणि उघडी पडलेली जमीन रिकामी राहत नाही. पहिल्याच पावसात तिथे गारवेल, रानमोडी, तो नारिंगी कॉसमॉस आणि काँग्रेस गवत येणार. काँग्रेस गवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, 1955 सालची. तेव्हापासून ते जिथे जिथे माती उकरली गेली तिथे तिथे पोचलं आहे. तुमच्या जागेत ते अजून फारसं दिसत नाही, निदान फोटोंत तरी नाही. जेसीबीच्या चाकांच्या चिखलातून ते फुकट घरपोच येईल.

वेली का माजतात हे समजलं की पुढचं सोपं जातं. वेलीला स्वतःचं खोड पोसावं लागत नाही. तिची सगळी ताकद वाढण्यात आणि पानांत जाते, म्हणून तिला भरपूर उजेड लागतो. दाट झाडीच्या आत, जमिनीवर ऊन पोचत नाही तिथे, वेली थोड्याच असतात. कडेला, रस्त्यालगत, कुंपणाच्या तारेवर आणि झाड पडून खिंडार झालेल्या जागी त्या गर्दी करतात. तुमचे फोटो पुन्हा एकदा बघा. फाटक, तारेचं कुंपण, शेडची मागची बाजू आणि ते पडलेलं जांभळाचं झाड, दाट जाळी आहे ती याच ठिकाणी. मधल्या झाडीत तुम्हाला सहज चालता येतंय. जागा सपाट केलीत तर सगळा दीड एकर म्हणजे कडच होऊन बसेल.

तेव्हा प्रश्न "वेली कशा काढू" असा नाहीच. कुठल्या तीन-चार काढायच्या आणि बाकीच्यांना कसं राहू द्यायचं, हे ठरवायचंय. आणि हे सांगू शकणारा माणूस तुमच्याकडे आहे. मामा गप्प आहेत कारण त्यांना कुणी विचारलेलं नाही. शहरातून आलेल्या मालकांसमोर जेसीबीची चर्चा चालू असताना गावातला माणूस मान हलवतो, याचा अर्थ होकार असा घेऊ नका. एक सकाळ काढा. भाऊजींना न्या किंवा नेऊ नका, पण मामांबरोबर चहा घेऊन सगळ्या जागेत फिरा. प्रत्येक वेलीपाशी थांबून तीनच गोष्टी विचारा: ही कुठली, हिला कधी काय लागतं, गुरं खातात का. वहीत लिहून घ्या. जुन्या साडीच्या चिंध्या बरोबर ठेवा. काढायच्या वेलीला लाल चिंधी, ठेवायच्या वेलीला दुसऱ्या कुठल्या तरी रंगाची. पावसाळ्यात सगळंच हिरवं झालं की ही चिंधीच तुम्हाला वाट दाखवेल.

आता मुलाच्या खाजेबद्दल. ती खाजकुइलीच, फोटोत शंका घ्यायला जागा नाही. तीन-तीन पानांची वेल, आणि इंग्रजी एससारख्या वळलेल्या, तपकिरी मखमली शेंगा. त्या मखमलीची लव म्हणजेच कुसं. शेंग वाळली की नुसता धक्का लागला तरी ती उडतात, वाऱ्यावरही येतात आणि त्वचेत रुततात. त्यांत म्युकुनेन नावाचं प्रथिन असतं, त्याने ती भयंकर खाज सुटते. जानेवारी हा नेमका शेंगा वाळण्याचा काळ, तेव्हा बिचाऱ्या मुलाची काही चूक नाही.

पुन्हा कुणाला लागलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे चोळायचं नाही. गावाकडे अंगाला शेण किंवा राख चोळतात. त्या चोळण्यानेच कुसं आणखी आत जातात. रुंद चिकटपट्टी घ्यावी, त्वचेवर हलकेच दाबून ओढून काढावी, दरवेळी नवा तुकडा. मग भरपूर वाहत्या पाण्याने धुवावं. अंगावरचे कपडे वेगळे भिजवावेत, घरच्या धुण्यात टाकू नयेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं घर खाजवत बसेल. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, घरी काही प्रयोग करायचे नाहीत.

काढायची कधी? शेंगा असताना नाही. हिवाळ्यात कुणी कोयता घेऊन निघालं तर त्याला थांबवा. आत्ता मे संपत आलाय, शेंगा फुटून बिया खाली पडल्या असतील, वर वाळकी काडी लटकत असेल. तिलाही हात लावू नका, तिच्यावर कुसं चिकटलेली असू शकतात. फक्त जागा हेरून ठेवा. मृगाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की त्याच ठिकाणी रोपं उगवतील. त्रिदली, मऊ, पानाची खालची बाजू रुपेरी लवदार. आषाढ-श्रावणात ती कमरेएवढी झाली की हाताने सहज उपटून येतात, मुळासकट, आणि तेव्हा खाजही नसते. मोजे घालाच, पण भीती बाळगायचं कारण नाही. पितृपंधरवड्याच्या आत एक फेरी आणखी मारा, कारण दसऱ्यानंतर जांभळ्या फुलांचे घोस लटकायला लागतात आणि फुलामागून शेंग आलीच. बी टणक असतं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे एका पावसात खाजकुइली संपणार नाही. पण एकही शेंग धरू दिली नाहीत, तर दरवर्षी रोपं कमी कमी होत जातात. तिचा सगळा डाव शेंगेवर आहे.

जाता जाता: जमिनीलगत एक बारीक, साधीशी वेल असते, तिच्या पानालाच हात लागला की आग होते. ती खाजकोलती. ती वेगळी. त्रास देते, पण झाडावर चढून पसरण्याइतकी तिची ऐपत नाही. वाटेवर असेल तेवढीच काढा.

फाटकावरची गुलाबी वेल ही जंगली नाहीच. ती अँटिगॉनन, नर्सरीवाले आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. मूळची मेक्सिकोची. फार पूर्वी कुणीतरी हौसेने लावली असणार, कदाचित सासऱ्यांनीच, म्हणून जरा जपून बोला. दिसते सुंदर, मधमाश्यांनी गजबजलेली असते, आणि नेमक्या त्याच कारणाने माणसं तिला काढायला धजत नाहीत. पण ती बागेत थांबत नाही. जमिनीखाली तिचे बटाट्यासारखे कंद असतात आणि वरून कितीही छाटा, ती पुन्हा तेवढीच येते. वेल शेडवरून आता करंजावर सरकली आहे, म्हणजे तिचा बेत झाडीत शिरण्याचा आहे.

ही खणूनच काढावी लागते. आधी सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) किंवा विळ्याने वरचा भार उतरवा, जमिनीपासून हातभर दांडा ठेवा, म्हणजे मूळ कुठे आहे ते दिसेल. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की पहार आणि कुदळ घेऊन दांड्याच्या कडेने खणत जा. कंद एकाखाली एक सापडतात, हाताला लागेल तो शेवटचा असं समजू नका. काढलेले कंद तिथेच टाकले तर रुजतात. पत्र्यावर किंवा कातळावर उन्हात पसरून चांगले खडखडीत वाळू द्या. पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी त्या जागेवर फेरी मारायची आणि दिसेल तो कोंब काढायचा. कोंबाला पान फुटून कंदात साठा जायच्या आत तो खुडला की कंद हळूहळू रिकामा होतो. एका मोसमात संपली नाही तरी दुसऱ्या मोसमात तिचा जोर नक्की गेलेला असेल. फाटकावर फुलं हवीतच असतील तर मधुमालती लावा. नाहीतर कुसर लावा, आपल्याच डोंगरातली, पांढरी, वासाची.

बोरीवरचे पिवळे दोरे म्हणजे अमरवेल. तिला ना पान ना जमिनीत मूळ. आश्रय दिलेल्या झाडाच्या सालीत शोषकं घुसवून ती तयार रस पिते. पुण्यात कितीतरी सोसायट्यांच्या दुरांटाच्या कुंपणावर ती दिसते. माळी वरवर ओढून काढतो, महिन्यात पुन्हा हजर, कारण सालीत राहिलेल्या तुकड्यातूनही ती फुटते. म्हणून दोरे ओढत बसू नका. ज्या फांद्यांवर ती आहे त्या फांद्याच, जाळीच्या शेवटापासून वीतभर मागे, कापा. बोर चिवट असते, अगदी बुंध्यापर्यंत छाटली तरी फुटते. कापलेलं सगळं थेट पोत्यात भरा, ओढत नेऊ नका, रस्त्यात पडलेला तुकडा जवळच्या झुडपाला धरतो. हे काम मात्र पावसाची वाट न बघता आत्ताच करून टाका, बोर छाटायलाही हाच मोसम बरा. थंडीत अमरवेलीला फुलं येऊन बी पडायच्या आत ती निघाली पाहिजे.

गारवेल, म्हणजे तारेवरची ती निळ्या-जांभळ्या भोंग्यांची जाळी, ही कंटाळवाणी आहे पण अवघड नाही. फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीतून उपटायची. काही जातींना पेरापेरातून मुळ्या सुटतात, त्यामुळे उपटलेली वेल तारेवरच वाळत टाका, मातीवर नको.

आता ऐनावरची मनगटाएवढी जाड वेल. तिच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "हिने झाडाचा गळा आवळला आहे." फोटोत मला तसं दिसत नाही. हिरवट-पांढऱ्या फुलांचे भरगच्च घोस आणि खरबरीत दोर म्हणजे ती उक्षी, सह्याद्रीतली जुनी रहिवासी. तिच्या खोडात पाणी साठलेलं असतं. उन्हाळ्यात रानात फिरणारी माणसं दांडा कापून ते पितात, मामांनीही कधी प्यायलं असेल. इतकी जाड वेल म्हणजे ऐन आणि ती एकत्रच वाढलेली आहेत. ऐनाचा शेंडा मोकळा आहे, पालवी चारी बाजूंनी आहे. तिला राहू द्या. अशा दोरांवरूनच खारी, माकडं, आणि भीमाशंकरकडे शेकरू, जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: झाडाखाली नाही, झाडापासून लांब उभं राहून शेंड्याकडे बघा. झाडाची स्वतःची पानं अर्ध्याहून कमी दिसत असतील तर वेल काढा. झाड तरुण आहे, खोड मांडीएवढंही नाही आणि वेलीचा पीळ सालीत रुतलाय, तरी काढा. एखादा माथाजड झालेला आंबा घराकडे किंवा विजेच्या तारेकडे झुकलाय, वेलीचं ओझं आहे आणि वळवाचा वारा यायचाय, तर तिथे थांबूच नका. या तिन्हीत बसत नसेल तर कोयता खाली ठेवा.

कापायची पद्धत सोपी आहे, तरी सगळे तीच चुकवतात. एक घाव जमिनीलगत, दुसरा कमरेच्या उंचीवर, आणि मधला तुकडा काढून घ्यायचा. मधे रिकामी जागा दिसली की वेल खरंच तुटली याची खात्री होते, आणि सहा महिन्यांनी आलात तरी लांबूनच कळतं. वरचा भाग ओढायचा नाही. पुरुषमंडळींना इथे फार मोह होतो, दोघंतिघं मिळून हिसडे देतात. वरून वाळकी फांदी, घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, काय डोक्यात येईल सांगता येत नाही. शिवाय झाडाच्या चांगल्या फांद्या मोडतात. वर लटकत राहिलेली वेल वाळते, एक-दोन पावसाळ्यांत कुजून आपोआप गळते. सालीत रुतलेला पीळ उपसू नका, तुकडे तुकडे करून सैल झालेलाच काढा, बाकीचा झाड गिळून टाकतं. आणि कोयत्याचा घाव झाडाच्या सालीला लागू देऊ नका. वेलीने केलं नाही एवढं नुकसान त्या एका घावाने होतं. कापण्याआधी घरटं आहे का ते बघा. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा काळ असतो, म्हणून जाड वेलींचं काम दिवाळीनंतर काढलेलं चांगलं. बुंध्यापासून फुटवे येणारच. पुढच्या फेऱ्यांत ते खुडायचे.

ही युक्ती गुळवेलीला लागू पडत नाही. गुळवेल मधून कापली तर वरचा भाग वाळत नाही, हिरवाच राहतो आणि तिथून सुतळीसारख्या बारीक मुळ्या खाली सोडतो. काही दिवसांत त्या जमिनीला टेकतात आणि वेल पुन्हा उभी. म्हणून तिच्या बाबतीत आधी ठरवायचं, हवी की नको. कडुनिंबावरची तुमची वेल राहू द्या, त्या झाडाला तिचं काही ओझं नाही. कलमी आंब्यावर चढली असेल तर मात्र खालून वरपर्यंत सोडवून घ्या. फक्त ओळखीत गोंधळ नको. बदामी पानांच्या वेली रानात पुष्कळ. गुळवेलीच्या जुन्या खोडावर कागदासारखी पातळ साल सुटते, खाली हिरवं असतं, अंगावर बारीक पुटकुळ्या असतात. पहाडवेलीचं पानही बदामी, पण तिचा देठ पानाच्या अगदी कडेला नसतो, जरा आत चिकटलेला असतो. आणि औषधी आहे म्हणून रोज काढा करून प्यायची घाई करू नका. तो प्रश्न वैद्यांचा, या सदराचा नाही.

ठेवायच्या वेलींची यादी मामा देतीलच, तरी काही नावं कानावर असू द्या. वाघाटी काटेरी असते, कपडे फाडते, पण आषाढी द्वादशीला तिच्या फळाची भाजी लागते, तेव्हा ती मंडईत शोधत फिरण्यापेक्षा स्वतःच्या कुंपणावर असलेली बरी. करटुल्याची वेल पावसाळा संपला की वर वाळून जाते, कंद खाली राहतो. तिला तण समजून खणून काढणारे लोक मी पाहिलेत, आणि तेच लोक श्रावणात करटुल्यांचा भाव विचारून चकित होतात. हरणदोडी आणि कावळीच्या पानांवर ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं अंडी घालतात. सापसण असेल तर तिच्यावर 'कॉमन रोज'सारखी फुलपाखरं वाढतात. कळलावी आणि गुंज दोन्ही देखण्या आणि दोन्ही विषारी: कळलावीचा कंद, गुंजेचं बी. काढू नका, पण मुलाला नीट दाखवून ठेवा. गुंजेचे लाल-काळे मणी मुलं हमखास खिशात भरतात.

शेजाऱ्यांच्या तणनाशकाचं थोडक्यात सांगते. ते बहुधा ग्लायफोसेटच म्हणत असतील, दुकानात सगळे तेच मागतात. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर बंधन घातलं. कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांखेरीज इतरांनी ते वापरू नये, असं ते बंधन. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते वेलीसाठी गैरसोयीचंच. वेल झाडाला विळखा घालून आहे, तिची आणि झाडाची पानं एकमेकांत आहेत. पंपाचा फवारा हे ओळखत नाही. खाली उगवलेली हिरड्याची, जांभळाची रोपं जातात, मग पुन्हा ऊन, पुन्हा वेली. वर तुमच्या जागेच्या कडेने ओढा आहे आणि तिथलं पाणी शेवटी मुळा नदीलाच मिळतं. जी वेल ओल्या मातीतून हाताने उपटून येते तिच्यावर पंप कशाला?

तसंच, गोळा केलेला पाला पेटवू नका. उन्हाळ्यात त्या पट्ट्यात वणव्याला एक काडी पुरते, आणि खाजकुइलीची वाळकी वेल जळणात गेली तर काय होईल ते सांगायला नको. ओढ्यातही लोटून देऊ नका, खाली कुणाच्या तरी जागेत ते रुजतं. बी नसलेला, कंद नसलेला पाला झाडांच्या बुंध्यापासून जरा लांब अंथरा, तेवढंच आच्छादन.

परवानगीचं. वेली छाटायला सहसा लागत नाही, झाडांना लागते. ग्रामीण भागात 1964 चा महाराष्ट्र झाडे तोडण्याचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत ऐन, हिरडा, किंजळ, जांभूळ, आंबा ही सगळी आहेत. म्हणजे जेसीबीच्या धक्क्याने एखादा हिरडा गेला तर "चुकून पडला" हे उत्तर चालत नाही. भाऊजींना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. एकदा सातबाराही काढून बघा. इतर हक्कात खाजगी वनाचा किंवा तसला काही शेरा असेल तर आत काहीही करण्याआधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा. शहरातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की महापालिका हद्दीत 1975 चा वृक्षसंवर्धनाचा कायदा लागतो आणि तिथे वेल सोडवताना झाडाच्या फांद्या छाटायच्या असतील तरी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. वेताळ टेकडीवर फिरायला जाताना खिशात सिकेटर ठेवणाऱ्या उत्साही मंडळींसाठीही हेच: ती जमीन आपली नाही, तिथे वनविभागाला विचारून, गटाबरोबरच काम करावं.

माणसं लावाल तेव्हा रोजावर लावा, उक्तं देऊ नका. उक्तं घेतलेला माणूस लवकर मोकळा व्हायला बघतो, आणि लवकर मोकळं व्हायचं तर जे दिसेल ते कापायचं. दोन माणसं, बरोबर मामा, आणि लाल चिंधीशिवाय एकाही वेलीला हात नाही, एवढं आधी बोलून घ्या. मामांना त्या दिवसांचे वेगळे पैसे द्या. देखरेखीच्या पगारात हे धरू नका.

पावसात काम म्हणजे सापांचा विचार आलाच. त्या भागात घोणस, फुरसे, नाग, मण्यार चारही असतात. गमबूट, जाड पँट, पूर्ण बाह्या, आणि जाळीत हात घालण्याआधी काठीने आपटून बघायचं. चावलाच तर वर दोरी बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावा बसलेला हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय, 108 ला फोन. रेंज कुठे येते ते कामाच्या आधी बघून ठेवा. त्या उतारांवर ती एकाच दगडावर येते, असा सगळ्यांचा अनुभव आहे.

राहिला हिशेब वेळेचा. यंदा पावसाळ्यात चार-पाच फेऱ्या कराव्या लागतील, दिवाळीनंतर जाड वेलींसाठी दोन-तीन दिवस. पुढच्या वर्षी निम्मं काम, त्याच्या पुढे महिन्यातून एखादी चक्कर. पडलेल्या जांभळाच्या जागी यंदाच तीन-चार रोपं लावा: जांभूळ, करंज, उंबर, जे मामांच्या अंगणात किंवा जवळच्या रोपवाटिकेत मिळेल ते. तिथे सावली धरली की त्या कोपऱ्यातल्या वेलींचं निम्मं काम झाडंच करतील. पहिली दोन वर्षं मात्र त्या रोपांवर गारवेल चढू देऊ नका. आठ दिवसांत ती रोप झाकून टाकते.

भाऊजींना काहीतरी करायचंच असेल, आणि ते बसणाऱ्यांतले वाटत नाहीत, तर त्यांना पहार देऊन फाटकाजवळच्या कंदांवर सोडा. तिथे दोन दिवस पुरेल एवढं काम नक्की आहे.